दाताच्या कण्या

माझ्या ओळखपत्रावर व्हाझाचा हुद्दा आधी येतो,
मग एक स्वल्पविराम,
मग मी.
खाली बारीक अक्षरांत: अवलंबित. नोकरीस परवानगी नाही.
व्हाझाला ते वाचता येत नाही, त्याला चष्मा लागलाय.
मला येतं. अकरा वर्षं मी त्याहून बारीक काळे ठिपके
लोकांच्या दाढांत शोधत होते,
तिब्लिसीत, गंधकाच्या स्नानगृहांमागच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर, हिरव्या खुर्चीपाशी.

इथे अदिस अबाबात मी मेजवान्यांना जाते.
हातात पेला, समोर उघडी तोंडं.
एका राजदूतांच्या वरच्या डाव्या दाढेला कीड आहे.
डिसेंबरपासून मी तिची वाढ बघते आहे.
ते हसतात, मी हसते.
"आणि आपण काय करता?"
दर वेळी पहिल्यांदाच भेटल्यासारखे विचारतात.
दाखवायचे दात वेगळे असतात,
हे कॉलेजात शिकवलं नव्हतं, पण आता पाठ आहे.

मंगळवारी आम्ही भेटतो, मागून आलेली माणसं.
नॉर्वेचा ऑडून पूल बांधायचा, आता पाव भाजतो.
पावालाही कमान असते म्हणतो,
कुणी हसत नाही म्हणून पुन्हा म्हणतो.
ल्युविमिन्दा रात्री दोनला उठते, मनिलात तेव्हा सकाळ.
कुठल्याशा कंपनीचे हिशेब लिहिते,
खातं बहिणीच्या नावावर.
"तुझं बरं आहे," ती मला म्हणते, "तुला झोप तरी मिळते."

दोन सरकारांत करार असेल तर परवाना मिळतो म्हणे.
आमच्या दोघांत आहे का, कुणी छातीठोक सांगत नाही.
आणि दात काढताना माझ्या हातून चूक झाली,
तर कुणाच्या कायद्याने?
हा प्रश्न या पत्रातून त्या पत्रात जातो,
सही होते, शिक्का बसतो, प्रश्न तिथेच.
विनवण्या करून दाताच्या कण्या झाल्या,
आणि त्या बुजवायला माझ्याकडे सिमेंट नाही.

वकिलातीत एक जागा निघाली. टेलिफोनवर. आठवड्याचे तीन दिवस.
व्हाझा म्हणाला, घे, काहीतरी तर.
दात कोरून पोट भरत नाही, व्हाझा.
पोट भरलेलंच आहे,
हाच तर घोळ आहे.

फाटकावर तोलोसा असतो. झ्वाय तळ्याकडचा.
हे त्याने सांगितलं नव्हतं, दातांनी सांगितलं:
तपकिरी पट्टे, तिकडच्या विहिरींचं पाणी.
दिवसभर काडी चघळतो,
कोपऱ्यावर एक पोरगा जुड्या विकतो ना, त्याच्याकडची.
हिरड्या माझ्याहून चांगल्या.

परवा रात्री त्याने लेकीला आणलं, बोंतूला.
सात वर्षांची, गालावर हात.
"मॅडम, तुम्ही दातांच्या डॉक्टर."
तुला कुणी सांगितलं?
"तुम्ही सगळ्यांच्या तोंडाकडे बघता."

फाटकाच्या आत कुठला कायदा, बाहेर कुठला,
मी विचारलं नाही. हात धुतले. पुन्हा धुतले.
ऑडूनने दिलेल्या पावाच्या टोपलीवर फोन टेकवून टॉर्च लावला
आणि म्हटलं, आ.
या शब्दाला अनुवाद लागत नाही.

दुधाचा दात, जागा सोडत नव्हता.
मागून नवा येऊन थांबलेला, ताटकळत.
अंगठ्याने एकदा ढकलला, एकदा पिळला.
बोंतू ओरडायच्या आत तो माझ्या तळव्यावर होता,
तांदळाच्या दाण्याएवढा, गरम.
तिने तो आमच्या पत्र्यावर भिरकावला.
खडखडत गेला, कुठेतरी अडकला.

सकाळी तोलोसाने काड्यांची जुडी पुढे केली.
"फी," म्हणाला. मी घेतली.

व्हाझा चष्मा शोधत बाहेर आला. हे काय?
पगार, मी म्हटलं. कुणाला सांगू नकोस.

कडू आहे.
अजून चघळते आहे.